चौथी ट्रायल

चौथ्या ट्रायलला कोट बसला.

नणंदेने मागून खांदे ओढून पाहिले, पुढून बटण लावलं आणि दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक केले. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. आरशासमोर उभी असलेली वहिनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको, एकदा उजवीकडे वळली, एकदा डावीकडे. हॉटेलच्या स्वागतकक्षात पंधरा वर्षं उभी राहून सोमवारपासून ती तिथली मॅनेजर होणार होती, आणि मॅनेजरला कोट लागतो. घरात शिंपीण नणंद असताना तो बाहेर कोण शिवून घेणार?

या कोटाने मात्र दोन महिने नणंदेच्या नाकी नऊ आणले होते. उजवी बाजू पहिल्या दिवसापासून चोख, डावी दर ट्रायलला ओढ घ्यायची. पहिल्यांदा तिने दोष कात्रीला दिला आणि धार लावून आणली. दुसऱ्यांदा कापडाला दिला. तिसऱ्यांदा स्वतःला दिला आणि नवा चष्मा करून घेतला. वहिनीने तेवढ्यात चिडवून घेतलं. एरवी अगं-तुगं करणारी वहिनी चिडवायचं असलं की ‘वन्सं’ म्हणायची. वन्सं, आता पडदे शिवायला घ्या, पडद्यांना ट्रायल लागत नाही.

म्हणून आज नणंद इरेला पेटली होती. डावीकडची शिवण सैल केली होती, टक्स सरकवल्या होत्या, नवं अस्तर लावलं होतं आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून उजवीकडे आतून पातळ कापूस भरला होता. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

वहिनी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने कोटाच्या डाव्या बाजूवरून हलकेच हात फिरवला आणि स्वतःशीच म्हणाली, “बसला. म्हणजे काही नाही.”

नणंद टाचण्या डबीत टाकत होती. तिचा हात थांबला. कोट बसला की गिऱ्हाईक खूश होतं, भाव करतं, फोटो काढतं. रडत नाही. तिने मापाची वही ओढली. गेल्या वर्षीच्या ड्रेसची मापं काढली. दोन्ही बाजू सारख्या होत्या. या कोटाच्या पानावर डावी बाजू पाऊण इंच जास्त होती, आणि ते तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. दोन महिने ती हा पाऊण इंच कापडातून काढत बसली होती. तिला स्वतःची चीड आली, आणि चिडीच्या मागोमाग भीती.

“काही नाही म्हणजे काय, वहिनी?”

वहिनीने आधी विषय बदलला, मग घड्याळ पाहिलं, मग पर्स शोधली. नणंद दारात जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे ती बोलली. तीन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना छातीत डावीकडे हाताला लागलं होतं. तेव्हा वाटाण्याएवढं, मग वाढत गेलेलं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तो घर डोक्यावर घेतो. त्यात बढतीचं चाललं होतं. मग तिने मनाशी ठरवलं, कोट नीट बसला तर काही नाही. बसला नाही की त्या रात्री झोप लागायची नाही, आणि कोणी विचारू नये म्हणून ती नणंदेची टर उडवायची.

“दुखत नाही गं,” वहिनी म्हणाली. “दुखलं असतं तर गेलेच असते.”

“न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते.”

नणंदेला एका जागी उभं राहवेना. ती मशीनपाशी गेली, परत दाराशी आली. तिच्याकडे अशा दोन बायका कपडे शिवायला आल्या होत्या. एक गाठ लागल्याच्या आठवड्यातच डॉक्टरकडे गेली होती. ती अकरा वर्षं येतेय आणि दरवेळी बाह्यांवरून भांडते. दुसरी बघू, बघू करत वर्षभर थांबली होती. तिने एकच ड्रेस शिवायला टाकला आणि तो न्यायला तिची मुलगी आली. नणंदेने हे सगळं वहिनीला सांगितलं. गाठ साधीही असेल, पण ते डॉक्टरने सांगायचं, कोटाने नाही, हेही सांगितलं. दवाखाना एकपर्यंत उघडा होता आणि आता बारा वाजत आले होते.

वहिनीचं आपलं एकच. सोमवारी रुजू होते, आठवडाभरात घडी बसली की जाऊ. तीन महिने गेले, आठ दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? तिने कोटाची कॉलर नीट केली आणि आरशाकडे बोट दाखवलं. “आणि आता तर बसलाय. तूच बघ.”

नणंदेने पाहिलं. इतका देखणा कोट तिच्या हातून आजवर झाला नव्हता. तिने मशीनवरची छोटी कात्री उचलली, वहिनीचा दंड धरला, हलू नकोस म्हणाली आणि काखेपासून खालपर्यंत डावी शिवण कचाकच उसवून टाकली. अस्तर लोंबायला लागलं. कोट एका खांद्यावरून घसरला.

“आता नाही बसत,” नणंद म्हणाली. “चप्पल घाल.”