घरची काडतुसं

"पिस्तूल दगा देतं म्हणजे नेमकं काय करतं, मॅडम?" फोनमधली पोरगी विचारत होती.

"काही करत नाही, हाच तर दगा," आर्डिथ म्हणाली.

पिस्तुलाच्या कंपनीने फोनवर ताटकळत ठेवून लावलेला पियानो चाळीस मिनिटं ऐकून तिचे कान किटले होते. शेवटी फोन स्पीकरवर टाकून तिने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून दिला होता. शेजारी फडक्यावर रिकामं पिस्तूल. चाप ओढला की मागे जायचा आणि रुसलेल्या जावयासारखा तिथेच बसायचा. समोर नवरा, ऑर्वल, हातोडीने अक्रोड फोडत होता. सालींनी त्याची बोटं काळी झाली होती.

"पुढच्या महिन्यात क्लबात बायकांची नेमबाजी आहे, पोरी," आर्डिथ म्हणाली. "बक्षीस डुकराची धुरावलेली अख्खी तंगडी. सहा वर्षं मी दुसरी येते. पहिली कोण? माझी नणंद, व्हर्ना. वर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तीच तंगडी मला आग्रह करकरून वाढते! यंदा कुठे माझा नेम तिच्यापेक्षा सरस बसायला लागला, आणि नेमकं आत्ताच ह्याला मरण आलं."

पोरीचं नाव केंड्रा. ती हसली. पिस्तुलाचा नंबर तिने लिहून घेतला, पत्ता लिहून घेतला. "वॉरंटीत बसलं तर दहा दिवसांत घरी येईल. नाही बसलं तर मात्र रांग आहे, दोन-तीन महिने. आता शेवटचा प्रश्न. काडतुसं कोणती वापरता? दुकानातली, का घरी भरलेली? घरी भरलेली असतील तर वॉरंटी मिळत नाही."

हातोडी थांबली.

आता त्या मुलखात दुकानातली काडतुसं उडवतो कोण? रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, घासायच्या, दारू भरायची, वर गोळी बसवायची, हा निम्म्या गावाचा हिवाळ्यातला उद्योग. ऑर्वल तर एकतीस वर्षं गॅरेजमध्ये तेच करत आला होता. त्या उद्योगाबद्दल आर्डिथच्या तोंडून आजवर एक बरा शब्द निघाला नव्हता. गाडी ठेवायला जागा नाही, कॉफीचे डबे जागेवर नाहीत, गालिच्यावर दारू सांडलीय. सदा न कदा हेच.

ऑर्वल आवाज न काढता नुसते ओठ हलवत होता. दुकानातली! दुकानातली म्हण!

"दुकानातली," आर्डिथ म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही तिची.

"बरं झालं बाई!" केंड्रा म्हणाली. "नाहीतर काय होतं माहितेय, मॅडम? कुणीतरी म्हातारे गॅरेजमध्ये बसून त्या पुंगळ्यांत काहीबाही कोंबतात. ना माप, ना अक्कल. पिस्तुलाचं वाटोळं करायचं आणि मग आम्हाला फोन."

"हो ना," आर्डिथ म्हणाली.

ऑर्वलने दोन्ही अंगठे वर केले. झालं काम. आर्डिथ त्या काळ्या अंगठ्यांकडे बघत राहिली.

"माप नाही म्हणालीस?" तिने विचारलं.

"अं?"

"अगं ए पोरी, तो म्हातारा दारूचा दाणा न् दाणा तोलतो. एकेक काडतूस दिव्याखाली धरून बघतो. माझा वाढदिवस विसरेल, पण त्याचं माप चुकायचं नाही. एकतीस वर्षं त्याचीच काडतुसं उडवतेय मी. एक फुसकं निघालं नाही, एक! ती जर तुमच्या पिस्तुलाला पचत नसतील, तर पोट तुमच्या पिस्तुलाचं बिघडलंय!"

ऑर्वलने कपाळाला हात लावला.

"मॅडम..." केंड्रा चाचरत म्हणाली, "म्हणजे दुकानातली नाहीत?"

"नाहीत. घरी भरलेली. लिही. भरणाऱ्याचं नाव पण लिही, ऑर्वल स्टफलबीन."

"आर्डी," ऑर्वल कुजबुजला, "तंगडी!"

"खड्ड्यात गेली तंगडी. तुला अक्कल नाही हे मी म्हणेन. परक्यांनी म्हणायचं काम नाही."

"एक मिनिट हं," केंड्रा म्हणाली आणि पुन्हा पियानो सुरू झाला.

मग आर्डिथचा राग उतरला. त्यासरशी तिचा चेहराही पडला. "काय करून बसले मी," ती म्हणाली. "सगळं जमलं होतं रे. आता सातव्यांदा तिच्या हातचं खायचं." ती रडायच्या बेतात होती. फोडलेल्या अक्रोडांची वाटी ऑर्वलने तिच्याकडे सरकवली.

पियानो थांबला. आता एक घोगरा, वयस्कर आवाज आला. "मॅडम, मी दुरुस्ती खात्यातला हॅरल्ड. चाप पुढे येत नाही ना? मग स्प्रिंग गेलीय. त्याचा काडतुसांशी काय संबंध? ही पोरं कागद वाचून दाखवतात, त्यांनी कधी पिस्तूल उघडलेलं नसतं. द्या पाठवून. वॉरंटीतच करतो. स्पर्धेआधी तुमच्या हातात असेल."

"देव तुमचं भलं करो!" आर्डिथ जवळजवळ ओरडलीच. डोळे पुसत ती फोन बंद करायला वाकली.

ऑर्वलने तिचा हात धरला. मग फोनजवळ तोंड नेऊन तो म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे हे सगळे फोन रेकॉर्ड होतात ना?"

"होतात की. का?"

ऑर्वलने घसा खाकरला.

"मघाशी ही जे काडतुसांबद्दल बोलली ना... त्याची एक कॉपी पिस्तुलाबरोबर पाठवाल का?"