भीतीचे थेंब

आबा बारवकरने चाकू उघडून काउंटरवर ठेवला. झुंबरशेठ कापडवाल्याने तो उचलून धार पाहिली.

"झकास आहे. एवढं कापड कापून द्या की. आमची कात्री बोथट झालीय."

आबाने कापड कापून दिलं, वर चहा पिऊन तो घरी आला. गावाने भीती घालवणारी लस घेतल्यापासून हप्ता मागायला गेलं की असंच व्हायचं. लस आबानेही घेतली होती, फुकट होती म्हणून.

दारात ही भलीमोठी रांग लागलेली. आत त्याची मुलगी कालिंदी चक्क त्याच्या खुर्चीत बसून लोकांना बाटल्या देत होती.

"हे काय?"

"भीतीचे थेंब. चोरून आणलेत. घेतले की दोन तास लस काम करत नाही," कालिंदी म्हणाली. "पोरं विहिरीच्या कठड्यावर लंगडी खेळतात, ड्रायव्हर घाटात ब्रेक लावत नाहीत. लोकांना थोडी भीती हवीय, आबा. आणि आपला धंदा पहिल्यापासून भीतीचाच."

"आधी माझ्या खुर्चीतून ऊठ."

"माल पहिला मालकाने चाखायचा, हा नियम तुमचाच ना?" तिने बाटली पुढे केली.

आबाने दोन थेंब जिभेवर घेतले. बारवकरांच्या घरात गादी थोरल्याला मिळत नसे. ज्या कुणासमोर घरच्यांची बोलती बंद होई, त्याला मिळे.

मिनिटभराने कालिंदीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

आबाने घसा खाकरला. "मी... त्या स्टुलावर बसू का?"