आण्णासाहेबांची परात

"व्यंकट, तुझं ताट तिकडं चिंचेखाली वाढलंय," चेअरमन हिंमतराव म्हणाले आणि परातीपाशी बसू पाहणाऱ्या व्यंकटपुढे त्यांनी हात आडवा धरला.

व्यंकट अर्धवट वाकलेला तसाच थांबला. माकणीच्या दूध संस्थेच्या अंगणात आण्णासाहेबांची पहिली पुण्यतिथी साजरी होत होती. सगळी पंगत त्याच्याकडे पाहू लागली.

ही परात साधी नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात मंत्रिपदावरचे आण्णासाहेब खडी फोडणाऱ्या मजुरांत मांडी घालून बसले. ताटे अपुरी होती. त्यांनी स्वयंपाकाची पितळी परात पुढे ओढली, तीत भाकरी कुस्करली, वर येसराची आमटी ओतली आणि साऱ्या जातींचे हात एकाच वेळी तीत उतरवले. पुढे त्याच मजुरांची दूध संस्था उभी राहिली. परातीतला घास घेतल्यावाचून कोणी सभासद होत नसे, आणि ज्याने घास घेतला त्याला कोणी परके मानत नसे.

व्यंकट संस्थेचा टेम्पो चालवी. पुण्याच्या दवाखान्यात त्याला एड्स असल्याचे निघाले, ही बातमी त्याच्या आधी गावात पोचली होती. आज तो परातीवरून उठवला गेला, तर उद्या त्याच्या टेम्पोत दुधाची कॅन कोणी ठेवणार नव्हते.

वास्तविक त्याच सकाळी त्याच अंगणात याच रोगावर डॉक्टरांचे व्याख्यान झाले होते. 'माझा पुतळा नको, पुण्यतिथीला या नव्या रोगाची माहिती लोकांना द्या,' असे आण्णासाहेब जाता जाता सांगून गेले होते. थोरांची दूरदृष्टी, असा त्याचा अर्थ सर्वांनी लावला. एकत्र जेवल्याने हा रोग पसरत नाही, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले, तेव्हा पहिली टाळी हिंमतरावांनी वाजवली होती.

"चेअरमनसाहेब, सकाळी टाळ्या तुमीच पिटल्या न्हवं?" म्हातारा कोंडीराम पंगतीतून ओरडला.

"टाळी पिटाय काय जातंय, कोंडीबा? हितं घास गिळायचाय!"

उत्तर प्रामाणिक होते, एवढे मान्य केले पाहिजे. पंगतीत दोघेचौघे हसले. व्यंकट मात्र हसला नाही. तो सावकाश चिंचेकडे वळला.

"थांब रे बाबा," मागून आवाज आला. आण्णासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई पदर खोचून आमटीची बादली घेऊन उभ्या होत्या. "हिंमतराव, एक सांगा. शेवटी शेवटी मालकांच्या संगं ह्या परातीत कोण जेवत होतं?"

हिंमतरावांची छाती फुगली. हा त्यांचा आवडता विषय होता. याच एका गोष्टीच्या बळावर त्यांनी कोंडीरामला हरवून अध्यक्षपद मिळवले होते.

"मी, वैनीसाहेब! रोज. पार शेवटच्या दिवसापर्यंत. आण्णासाहेबांनी आपल्या हातानं मला घास भरवलाय. इचारा कुणालाबी."

"आन् तब्येत कशी हाय तुमची?"

"ठणठणीत!" हिंमतरावांनी पोटावर थाप मारली. "लोखंड पचवतो."

"मग बसू द्या व्यंकटला," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "मालकांना ह्योच रोग हुता."

थाप मारलेला हात पोटावर तसाच राहिला.

"डॉक्टरला आधी इचारून घेतलं त्यांनी, मगच तुमाला परातीवर बसवलं," त्या पुढे म्हणाल्या. "रोग कुठनं आला, ते मीबी न्हाय त्यांना इचारलं. व्यंकटलाबी इचारू नगा."

"बोला चेअरमन!" कोंडीरामने संधी साधली. "आता काय, जेवलोच न्हाय म्हणता? तसं आसंल तर खुर्ची मोकळी करा!"

हिंमतरावांनी खुर्चीचा विचार केला. मग पोटाचा केला. दोन्ही सुखरूप होते. त्यांनी मांडी आवळून शेजारी जागा केली आणि खाकरून म्हणाले, "ये रे व्यंकट, बस. आमटी निवायली."

व्यंकट बसला. दोघांचे हात एकदमच परातीत उतरले. त्यांच्यामागून पंगतीचे इतर हात उतरले, तेव्हा कोंडीरामचा हात सर्वांत घाईत होता.

"वैनीसाहेब," पहिला घास गिळून हिंमतरावांनी विचारले, "वर्षभर गप कशा बसला तुमी? आन् आजच का बोलला?"

द्वारकाबाईंनी वाकून व्यंकटपुढच्या काल्यावर आमटी ओतली.

"मालकांनीच तसं सांगितलं हुतं. म्हनले, परातीवरनं कुणाला उठवलं न्हाय तवर गप बस. आन् उठवलं की माझं नाव खर्च कर, राखून ठिवू नगंस."