लाल माती

काटा ऐंशीच्या पुढे गेला की गाडीचं स्टिअरिंग थरथरायचं. कराडच्या मिस्त्रींनी स्वतः फेरी मारून पाहिली. "सीट हलत नाही, म्हणजे मागची चाकं ठीक. दोष पुढच्या चाकात आहे."

चाक उतरवून त्यांनी रिमच्या आतलं वाळलेलं ढेकूळ खरवडलं. "ह्याच्या वजनानं चाक उडत होतं. लाल माती! कोकणात जाऊन आलात का, काका?"

यशवंतरावांनी पाकीट काढलं. "पैसे किती झाले?" शैलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कोकणात त्यांची लेक होती. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा यांनीच शपथ घेतली होती, तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही.

परतताना गाडी ऐंशीच्या पुढेही शांत होती. यशवंतराव म्हणाले, "पाऊल नाही ठेवलं. रस्त्याकडेला गाडीतच बसून होतो. नात चालायला लागलीय."

शैलाताईंनी पदर सावरला. "मग वळवा गाडी. पाऊल मी ठेवते."