वाळूत की वाळूवर

"वैनी, भिवाची बोट वाळूत चढली."

गंगाराम एस.टी.तून उतरला तो थेट खळ्यावरच आला. पाणी मागितलं नाही, खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. येसूबाईनं झोडायला उचललेली भाताची पेंढी वरच्या वर राहिली. त्यातले चार दाणे तिच्या कपाळावर गळले, पण तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"गेला गो बाय माझा भिवा!" शेजारच्या आनंदीबाईनं सूप टाकून गळा काढला. भिवा तिचा कुणी लागत नव्हता, पण रडायला आनंदीबाईला नातं लागायचं नाही. "वाळूत चढलेली बोट परत पाण्यात जात नाय कंदी!"

"ओ आजी, थांबा!" चंपा ओरडली. नववीत गेल्यापासून तिचा आवाज जरा मोठाच झाला होता. पण आत्ता तो मधेच चिरकला. दादाची बोट! "काका, कोण म्हणालं? शब्दन् शब्द सांगा."

गंगाराम मुंबईला गोदीत कामाला होता. त्यानं घाम पुसला. "गोदीच्या फाटकावर भिवासारखाच नेव्हीतला एक पोरगा भेटला. भिवाचा दोस्त. म्हणाला, तुमच्या गाववाल्याची बोट सोमवारी वाळूवर चढली. मी पुढं विचारीस्तवर ट्रकात बसून गेलासुद्धा. मग मी काय करू? रजा टाकली नि निघालो."

"वाळूत की वाळूवर?"

"एकच ना गो, मास्तरीणबाई!"

"एकच कसं?" चंपाच्या जिवात जीव आला. ती घरात पळाली आणि दप्तरातली खाकी पुठ्ठ्याची वही घेऊन आली. वहीवर तिनं ठसठशीत लिहिलं होतं: 'बोटीचं प्रगतिपुस्तक'. भिवादादाला पत्रांतून छळछळून तिनं सगळी माहिती काढली होती. बोट कुठल्या साली पाण्यात उतरली, कुठं कुठं गेली, काय नेलं, काय आणलं. प्रत्येक नोंदीपुढं एक शेरा.

"आये, ऐक. ही साधी बोट नाय. ही रणगाडे नेणारी. हिला धक्काच लागत नाय. ही मुद्दाम वाळूवर चढते, नाकाची दोन दारं उघडते, फळी खाली टाकते नि रणगाडे घरंगळत बाहेर! आपल्या वाशिष्ठीतली सुसर बघ, बेटावर येऊन तोंड वासून पडते, ती काय मरायला येते?"

आनंदीबाईचं रडणं अर्ध्यावर थांबलं.

"आणि परत पाण्यात जाते कशी?" येसूबाईनं विचारलं. पेंढी अजून हातातच होती.

"येतानाच मागं खोल पाण्यात नांगर टाकून येते. काम झालं की त्याचाच दोर ओढत मागं सरकते. हे बघ, आजवर तेवीस वेळा चढली. तेवीसच्या तेवीस वेळा परत! शेरा: उत्तम." चंपानं मान उडवली. "काका, एका अक्षरापायी तुम्ही दादाला बुडवलात की!"

आनंदीबाई पदरानं नाक पुसत म्हणाली, "मेल्या गंगाराम, फुकट रडवलंस!"

येसूबाईनं पेंढी हळूच खाली ठेवली. पण गंगाराम हसला नाही. पिशवी अजून त्याच्या खांद्यावरच होती.

"पोरी, त्या तेवीस वेळा ती कुठं चढली, ते वाच बघू."

चंपा झोकात वाचू लागली. "सन सत्त्याहत्तर. आंध्रात तुफान झालं तेव्हा. तांदळाची पोती. सन एक्याऐंशी. अंदमान. कवायत. सन चौऱ्याऐंशी..."

"समोर कोण होतं तिथं?"

"समोर? आंध्रात घरं वाहून गेलेली माणसं. तांदळाची वाट बघत. अंदमानात..." तिनं पान उलटलं. "नारळाची झाडं."

"आणि सोमवारी?" गंगारामचा आवाज एकदम खाली गेला. "रेडिओवर ऐकत नाय तुम्ही? आपली फौज लंकेत गेलीय. तिथं गोळ्या चालल्यात. ती बोट तिकडंच गेली, गोदीत सगळे बोलतायत, वैनी. कवायतीला नाय."

चिमण्या सांडलेल्या भातावर उतरल्या, त्यांना हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

चंपाच्या तोंडाशी उत्तर होतं. तिच्या तोंडाशी उत्तर नेहमीच असायचं. पण आत्ता तिनं वही घाईघाईनं मिटायला घेतली, कारण पुढच्या पानावर काय आहे ते तिला ठाऊक होतं.

"थांब," येसूबाई म्हणाली. "दाव."

तिला वाचता येत नव्हतं. पण त्या पानावर वाचायचं काही नव्हतंच. चंपानं रंगीत खडूनं चित्र काढलं होतं. निळं पाणी, पिवळी वाळू, वाळूवर राखाडी बोट. सुसरीसारखा जबडा उघडलेली. आणि त्या जबड्यात, अगदी पुढं, सगळ्या रणगाड्यांच्याही पुढं, फळीवर एक हसरा माणूस. गेल्या उन्हाळ्यात दादाचं पत्र आलं तेव्हा काढलेलं चित्र. 'फळी टाकायचं काम आता माझ्याकडं,' असं त्यानं लिहिलं होतं, 'दार उघडलं की पयला किनारा मलाच दिसतो.' चंपानं तेव्हा ते अख्ख्या वाडीला वाचून दाखवलं होतं. दोनदा.

"हा इथं कोण उभा केलायस गो?" येसूबाईनं विचारलं.

येसूबाईनं भाताची धूळ लागलेलं आपलं बोट त्या माणसावर ठेवलं. तो पुरता झाकला गेला. मग चिमण्या उडाल्या, ऊन खळ्यावरून सरकलं, गंगारामनं पिशवी खाली ठेवली, तरी तिनं ते बोट उचललं नाही.