सेहेचाळीस किलो

रोहिदास मोशीच्या मैदानावर पोचला तेव्हा पायरीवर वजनकाटा मांडून झाला होता आणि पोरांची रांग लागली होती. त्याची सलोनी चौथी होती.

रात्रपाळी संपवून तो चाकणहून तसाच आला होता. अंगावर कंपनीचा शर्ट, डोळ्यांत झोप. गेटबाहेर पडताना मोबाईल पाहिला, तर उन्हाळी शिबिराच्या ग्रुपवर सुमनताईंचा निरोप: आज शेवटचा दिवस, सगळ्या मुलांचं वजन करणार. त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

डिसेंबरात शाळेत असंच वजन झालं होतं. सरांनी सलोनीचा आकडा मोठ्यानं वाचला, सेहेचाळीस, आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून दहा वर्षांच्या पोरीचा डबा भरलेला परत यायला लागला. रात्री म्हणायची, पोट भरलंय. जानेवारीत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहू देऊ नका, भरपूर खेळू द्या, बाकी काही करायचं नाही. म्हणून हे खो-खोचं शिबिर. महिनाभर ती हौसेनं येत होती. घरी मात्र अजून अर्ध्या चपातीवर उठायची. आणि आता पुन्हा काटा.

रांगेत तिच्या मागंच गणराज उभा होता. वर्गात तिला ‘कंटेनर’ म्हणणारा तोच.

रोहिदास पुढं झाला. पण बोलायचं काय? हिचं वजन करू नका, हेसुद्धा चारचौघांतच म्हणावं लागणार.

‘ताई, सलोनीला घरी न्यायचंय. पाहुणे आलेत.’

‘कोण पाहुणे?’ सलोनीनंच विचारलं.

‘आहेत. चल तू.’

‘पप्पा, आमचा डाव राहिलाय!’ ती रांगेतून हलली नाही.

सुमनताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. बाई मोशीच्याच, साठीला आलेल्या, एके काळी जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या. ‘बसा वाईच सावलीला,’ त्या म्हणाल्या. ‘पाहुणं कुटं पळून जात न्हाईत.’

तो बसला नाही. पुढचा मुलगा काट्यावर चढला, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. ताई पोरांना मैदानाकडं तोंड करून उभं करत होत्या. आकडा मागं, फक्त त्यांना दिसेल असा. वाकून बघायचं, वहीत लिहायचं, वही मिटायची. ‘झालं. पळ.’ एवढंच.

सलोनी चढली. ताईंनी लिहिलं, वही मिटली. ‘झालं. पळ.’

ती उतरली नाही. मान वळवून म्हणाली, ‘किती आलं, ताई?’

रोहिदास एक पाऊल पुढं आला.

‘तुला कशाला पायजे?’

‘सांगा ना.’

ताई तिच्या कानाशी वाकल्या.

‘सेहेचाळीस? म्हणजे शाळेतल्याएवढंच की!’ सलोनी खड्या आवाजात म्हणाली.

रोहिदासनं गणराजकडं पाहिलं. पोरगं पाय आपटत होतं. ‘अगं उतर ना लवकर! खांबाशी तू नसलीस की समोरचे सगळे सुटतात.’

सलोनीनं उडी मारली आणि पळत सुटली. तिची ट्रॅकपँट घोट्याच्या चांगली वर आली होती. पोरगी उंच झाली होती, आणि रोहिदासला ते आत्ता दिसत होतं. मग तो सावलीला जाऊन बसला.

डाव संपायच्या बेतात असताना बायकोचा, योगिनीचा फोन आला. ती तळवड्याच्या कंपनीत पॅकिंगला होती. ग्रुपवरचा निरोप तिनंही वाचला होता; चहाच्या सुट्टीत बाहेर येऊन बोलत होती.

‘आणलंत का तिला?’

‘नाही.’

‘म्हणजे वजन झालं? रडली का? खरं सांगा.’

‘नाही गं. थांब जरा.’

मैदानाच्या कडेला ताईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं होतं. पोरं वाट्या घेऊन बसली. घामानं निथळणारी सलोनी गणराजच्या शेजारी बसली आणि खाली मान घालून खायला लागली. वाटी रिकामी झाली. ती उठली, पातेल्याजवळ गेली आणि वाटी पुढं केली.

रोहिदासनं फोन तोंडाजवळ धरला.

‘योगिनी, तिनं दुसऱ्यांदा मागून घेतलं.’

पलीकडून तिनं नाक ओढलं.

‘काय आहे खायला?’

‘मटकीची उसळ.’

‘मटकी? अहो, घरी शिवत नाही ती मटकीला!’

‘हळू बोल,’ रोहिदास म्हणाला. ‘खातीये ती.’