येतो

"झालं एकदाचं इन्स्टॉल!" मी टाळी वाजवली. पार्सर जनरेटर नावाचं हे टूल मोठं गुणी. भाषेचे नियम लिहून दिले, की वाक्यांचा अर्थ लावणारा प्रोग्राम ते स्वतःच बनवतं. तो प्रोग्राम मी दाराच्या कुलपाला जोडला. नियम सोपे होते: कुणी 'येतो' म्हणालं, की स्वागत करून कुलूप लावायचं, त्याच आवाजात नुसतं 'जातो' ऐकलं, की उघडायचं.

पहिला मान बायकोच्या धोंडूमामांचा. महिनाभराचा पाहुणचार उरकून, बॅग घेऊन ते मिरजेच्या गाडीला निघाले होते. आम्ही दोघं सुटकेचं हसू दाबून उभे.

"बरं, येतो!" मामा म्हणाले.

"या, या, बसा!" म्हणत दारानं कुलूप लावलं.

"मामा, 'जातो' म्हणा," मी विनवलं.

"निघताना 'जातो' म्हणू? जावईबापू, माझ्या वाईटावर आहात का?"

घाईघाईनं नियम बदलायला गेलो, तर टूल म्हणालं, 'अपडेट सुरू आहे.'

गाडी चुकली. मामांनी शांतपणे चपला काढल्या आणि दारावरून हात फिरवला.

"पोरी, या घरात 'बसा' म्हणणारं कुणीतरी आलं गं!"